चष्मेवालीचा सिनेमा

आमचं घर आणि आमचं दुकान यांच्यामध्ये एकच दार होतं आणि त्या दाराला कडी नव्हती. पुढे डिचोलीच्या बाजाराचा रस्ता, रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या पाठी लगेच रांधपाची खोली. त्यामुळे गिऱ्हाइकाची दाढी करताना मागून भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास यायचा आणि जेवायला बसलं की पुढून साबणाचा. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजायचा, आई चार उंडे घ्यायची, दोन चहाबरोबर आणि दोन दुपारी कोणी आलं तर म्हणून. मग मुळगावच्या बाजूने खनिजाचे ट्रक सुरू व्हायचे. एकदा सुरू झाले की संध्याकाळपर्यंत जनेलाची काच थरथरत राहायची. तांबडी धूळ सगळ्यावर बसायची. सावंतवाडी-दोडामार्गकडचे ट्रकवाले केस कापायला आले की आधी डोकं धुवावं लागे, आणि पाणी असं निघायचं की नवीन माणसाला वाटावं कुणाचं डोकं फुटलं. डोकं भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही, ही आमच्या दुकानाची रीतच होती. बाबांनी ती घालून दिली होती.

आम्ही म्हाले. बाहेर न्हावी म्हणतात, इथे म्हालो म्हणतात. मी चवथीपर्यंत शाळेत गेलो, मग कदेलच्या मागे उभा राहिलो. कदेल म्हणजे दुकानातली फिरती खुर्ची, ती आजोबांच्या वेळची होती आणि डावीकडे फिरायची नाही. बाबा कमी बोलायचे. सकाळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर मारायचे, आठ वेळा या बाजूने, आठ वेळा त्या बाजूने, आणि तो आवाज ऐकला की आई पेज वाढायची. उकड्या तांदळाची पेज आणि मिठात घातलेलं तोर, म्हणजे कोवळी कैरी. आता सूनबाई विचारते, सकाळी काय खाणार? मी म्हणतो, काहीही. खरंच काहीही. सुनंदा गेल्यापासून तोंडाला चव अशी नाहीच.

सुनंदा माझी बायको. तेव्हा बायको व्हायची होती. पेडण्यातल्या केरीची, समुद्राच्या काठची, आमच्याच जातीची, तिचे वडीलही हाच धंदा करायचे. साखरपुडा झाला होता. मी तिला दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा खाली मान घातलेली. दोन वेण्या, घट्ट, तेलाने चप्प बसवलेल्या, आणि डोळ्यांवर काळ्या काड्यांचा चष्मा. चष्म्याचं तिच्या घरच्यांनी लपवलं नाही, याचं बाबांना बरं वाटलं होतं.

त्या सुमाराला बाजारातल्या थिएटरात एक मराठी सिनेमा लागला. कॉलेजचा, हसण्याचा. नाव काही असू दे, आमच्याकडे सगळे त्याला चष्मेवालीचा सिनेमा म्हणायचे. गावातली एक मुलगी शहरातल्या कॉलेजात येते, चष्मा, दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी. पोरं तिची टर उडवतात, वर्गात तिची वेणी बाकाला बांधून ठेवतात, ती उठायला जाते आणि धप्पकन बसते. मग तिघे मित्र पैज लावून तिला बदलतात. चष्मा जातो, केस खांद्यापर्यंत कापतात, झगा येतो, आणि गॅदरिंगला ती स्टेजवर आली की आधी हसलेला हिरो आ वासून बघत राहतो आणि प्रिन्सिपल चालता चालता कारंज्यात पडतो. बस, एवढंच. पण लोक असे पडले त्यावर की सांगायची सोय नाही. साखळी, कारापूर, मये, सगळीकडून बसा भरून यायच्या.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. भिंतीवर एका बाजूला कोंकणी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि आमच्या दुकानात दोन्ही बाजू एकाच साबणाने दाढी करायच्या. मराठीवाले एक मास्तर कदेलवर बसून फेसातून बोलायचे, "पळयलो? मराठी सिनेमा हाऊसफुल्ल. हें सरकाराक दिसूंक जाय." बाकावर बसलेला पंचायतीतला क्लार्क कोंकणीवाला. तो म्हणाला, "दिसता मास्तर. पूण हें तुमी कोंकणींतच सांगतात." मास्तर म्हणाले, "घरची भास ती. दत्ता, गालाकडेन सांभाळ." क्लार्कने सिनेमा दोनदा पाहिला होता. मास्तरांनीही दोनदा. आणि दोघेही प्रिन्सिपल पाण्यात पडतो तिथेच सगळ्यात जास्त हसले होते, हे दोघांनी एकमेकांना कबूल केलं.

बायकांचं वेगळं होतं. थिएटराबाहेर अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विकणारी एक म्हातारी बसायची. कुणीतरी तिला फुकट आत सोडलं. बाहेर आल्यावर ती टोपलीतल्या फुलांवर पाणी मारत म्हणाली, "पयलीच बरी दिसताली गो. मागीर कोण खंयची हाडली?" म्हणजे पहिलीच बरी, नंतर ही कुठली आणली. पुष्कळ बायकांचं तेच मत पडलं. इंटरव्हलनंतर केस कापतात त्या ठिकाणी पोरं शिट्या मारायची आणि बायका गप्प व्हायच्या. एकदा मागून आवाज आला, "कोणाचें पळे गे मरण आयलें." म्हणजे तरण्या बाईचे केस उतरले, आता कुणाचं मरण आलं कुणास ठाऊक. आजच्या पोरींना हे कळायचं नाही. माझ्या मुलाने तेच दुकान आता थंड हवेचं केलं आहे, मुली येतात, निळे-जांभळे करून जातात, त्यांचे नवरे बाहेर गाडीत बसून वाट बघतात. पण आमच्या लहानपणापर्यंत हिंदू बाईच्या केसांना म्हाल्याचा हात लागायचा तो नवरा मेल्यावर. ती चाल तोवर संपली होती. भीती संपली नव्हती.

मी तो सिनेमा चार वेळा पाहिला. मला हेअर-कट बघायचा होता. हिरोसारखे कल्ले ठेवा म्हणून रोज चार पोरं दुकानात यायची. पण खरं सांगायचं तर मी त्या चष्मेवालीचेच केस बघायचो, मागून कसे गोल आलेत, कुठे कात्री थांबवली असेल.

अशात सुनंदा मुळगावला तिच्या मावशीकडे राहायला आली. मावशीला सिनेमाची हौस. तीनच्या खेळाची तिकिटं मी काढून पाठवली. आई म्हणाली, "लग्नाआदीं सिनेमाक? लोक कितें म्हणटले?" म्हणून मी पुढच्या बाकांवर बसलो, त्या दोघी मागे बायकांत. माझी पाचवी वेळ. आता वेणी बाकाला बांधणार, आता ती उठणार, हे मला पाठ होतं. त्यामुळे ती उठायच्या आधीच मी हसलो. अख्खं थिएटर गप्प आणि मी एकटा मोठ्याने हसतोय. मग ती धप्पकन पडली आणि सगळे हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. खेळ सुटल्यावर मी लांबूनच मान हलवली. मावशीने हात केला. सुनंदा बसमध्ये चढली होती.

दोन दिवसांनी मावशी तिला घेऊन आमच्याकडे आली. टोपलीत मुळगावची वांगी होती. बाबा कारापूरला एका घरी लग्नाच्या नवऱ्याचं दाढी-डोकं करायला गेले होते. दुपारची वेळ, दुकानाच्या फळ्या लावलेल्या. आई आणि मावशी आत सोलं निवडत बसल्या, आणि मी अंधारात कात्र्या पुसत होतो. ते बिनकडीचं दार लोटून सुनंदा आत आली आणि सरळ कदेलवर बसली. तिचं पेडण्याचं बोलणं मालवणीकडे झुकणारं, हळू.

"कापा," म्हणाली.

"कितें?"

"केस. त्या सिनेमातल्यासारे."

मी हसायला लागलो तर तिने चष्म्यातून असं पाहिलं की हसू तिथंच राहिलं.

"त्या दिसा पयलो कोण हसलो, माका वळखूक आयलां," ती म्हणाली. "तिची वेणी बांधली तेन्ना. माका वाटलां, माज्यावरच हसतत. घरात आणून पाच-पंचवीस वर्सां हसत रवतलात, तेच्यापेक्षा आताच काय तां करा."

मी म्हटलं, अगो तो सिनेमा, सिनेमात सगळेच हसतात. ती म्हणाली, "सगळे मागीर हसले." सगळे नंतर हसले आणि मी आधी, हे खरंच होतं. मला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, लिहितोच आहे तर लिहितो, हौसही होती. पाच वेळा बघितलेला कट हाताशी आला होता. आपल्या हातून तो जमेल याची मला खात्री होती.

मी वेण्या सोडल्या. तेल निघेपर्यंत साबणाने धुतले, आमच्या रीतीप्रमाणे. ओले केस पाठीवर सरळ पडले, काळे, कमरेच्या खाली. मी फणी धरली, खांद्याची रेघ बघितली आणि कापले. एकदाही हात हलला नाही. मागे गोल आणलं, दोन्ही बाजू मोजल्या, बरोबर. मग पुसायला पंचा दिला. तिने डोकं खसाखसा पुसलं आणि केस वर चढू लागले. माझ्या डोळ्यांदेखत खांदा सोडून मानेवर, मान सोडून कानावर. तिचे केस कुरळे होते. जन्मापासून तेल आणि घट्ट वेणी, तिच्या आईशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं. पुरुषांच्या आखूड केसांत बोटभर वरखाली झालं तर काय कळतं? मला ओले केस ताणलेले असतात हेच ठाऊक नव्हतं. आरशात ती आणि मी दोघे बघत होतो. कानाच्या वर, सगळीकडून गोल, टोपीसारखं.

"वाडतले," ती शेवटी म्हणाली. माझी समजूत ती काढत होती.

मावशी दारात आली आणि भिंतीला धरून खाली बसली. आई आली, तिने आपला पदर सोडून सुनंदाच्या डोक्यावर घातला आणि तिला आत नेलं. बाबा संध्याकाळी आले. रांधपाच्या खोलीत पदराखाली बसलेली मुलगी त्यांनी पाहिली, दुकानात जमिनीवर पडलेले केस पाहिले. पिशवी ठेवली, मागच्या बावीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तीन कळशा डोक्यावर ओतून घेतल्या. पूर्वी नवरा मेलेल्या बाईचे केस उतरवून आल्यावर म्हाले अशीच आंघोळ करायचे. ओलेच आत आले आणि मला म्हणाले, "बायलेच्या केसांक आमचो हात एकदांच लागता. तुवें तो लग्नाआदींच लायलो." पुढे म्हणाले, "हें लग्न जावचें ना."

लग्न मोडायचं म्हणत होते, कारण बाबांना माझ्या जिवाची भीती होती. एकुलता एक मी. बाजारात तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाव यायच्या आधी बातमी पोचली. मास्तर आणि क्लार्क यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की दत्ताने गाढवपणा केला. फाती विकणारी म्हातारी आईला म्हणाली, "चेड्याक संभाळ गो, वरीस काडीना तो." आईने माझ्या दंडाला काळा दोरा बांधला, देवीला ओटी बोलली, नदीवर जायचं बंद केलं, ट्रकमधून फिरायचं बंद केलं. शिंकलो तरी धावत यायची.

सुनंदाचे वडील लगेच येऊ शकले नाहीत. भाषेच्या चळवळीत रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, बस नव्हती. आठ-दहा दिवसांनी आले, सुनंदाला केरीला परत न्यायला. वाटेत मुळगावहून तिला बरोबर घेऊनच आमच्याकडे आले. शांत माणूस. बाकावर बसले आणि म्हणाले, "केरीच्या दर्यार गोऱ्या बायलांचे केस असेच असतत." पुढे म्हणाले, "पूण त्यांचे घोव खंय असतत, कोणाक खबर." या नवऱ्यांच्या विनोदावर कोणी हसलं नाही. मग त्यांनी खरं ते बोलून टाकलं. हे लग्न मोडलं तर कापलेल्या केसांची मुलगी दुसरं कोण करणार? विधवा समजून लोक हळदीकुंकवालाही बोलावत नव्हते.

बाबा हातातली सुपारी कातरत राहिले. मग आम्ही कधीच ऐकलं नव्हतं ते सांगू लागले, एका कोवळ्या विधवेचे केस उतरवायला त्यांना बोलावून नेलं होतं ते. "हांव बावीस वर्सांचो आसलों. एका घरांत आपोवन व्हेलो. ती माज्यापरस ल्हान. मागल्या दारांत पाटार बसयलेली. रडली ना, कांय ना. सगळें जातकच माका विचारलें, 'जालें?' तितलेंच. अजून कानांत आसा तें." सुपारी त्यांनी तोंडात घातली नाही. "माज्या पुताच्या हातांत तें नाका."

दाराशी डोकं झाकून उभी असलेली सुनंदा तेव्हा बोलली. सासरा व्हायच्या माणसासमोर, वडील असताना, कुणी विचारलं नसताना. "बाबा, तिचो घोव आदी मेलो मां? केस मागीर कापले. वस्तऱ्यान घोव मारूंक ना."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, काच वाजली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना तसं कुणी सांगितलंच नव्हतं, की तुमच्या हाताने काही झालं नाही. मग ते आईला म्हणाले, "च्या कर. पावण्यांक उंडे आसात मां?" आणि चहा आल्यावर म्हणाले, "बांदूंक येतले तितले वाडूंदी. मागीर करूंया."

मग आम्ही केस वाढायची वाट पाहिली. माणसं शेताची वाट बघतात, आम्ही केसांची. मावशी केरीला जाऊन आली की आई विचारायची, आणि मावशी स्वतःच्या चेहऱ्यावर हात ठेवून दाखवायची, इथपर्यंत. कोंकणी राजभाषा झाली तेव्हा कानाच्या खाली आले होते. गोवा राज्य झालं, बाजारात फटाके लागले, पेढे वाटले, तेव्हा हनुवटीला होते. क्लार्क दाढी करून घेताना म्हणाला, "राज्य जालें दत्ता, आतां तुजें जावंदी." मास्तर म्हणाले, "तेचें खातें वेगळें." तोवर सिनेमा कधीच उतरला होता, पण पोरांची जीभ काही उतरत नव्हती. मी रस्त्याने गेलो की मागून कोणीतरी वेणी ओढल्यासारखं करून धप्पकन बसायचं.

तुळशीचं लग्न झाल्यावर आमचं झालं. केस मानेच्या खाली आले होते, अंबाडा होईना. लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी बाबा स्वतः म्हापशाच्या बाजारात गेले आणि गंगावन घेऊन आले. आयुष्यभर केसांत वावरलेला माणूस, पण ती खोट्या केसांची जुडी कागदात गुंडाळून लांब धरून आणली आणि आईच्या हातात दिली. तिचे केस कुरळे, ते गंगावन सरळ, जुळेना. बायकांनी वरून इतक्या अबोलीच्या फाती बांधल्या की मागून फक्त फुलंच दिसत होती. एवढ्या बोलक्या बायका, पण मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या, हा उभा आहे ना, अशा.

वर्ष गेलं, मी राहिलो. दुसरं गेलं. सुनंदा त्या दिवशी एवढं ठणकावून बोलली, पण वटपौर्णिमेला सातांवर आणखी सात फेरे घालायची, मला कळू न देता. कुणाकडून कळून मी विचारलं तर म्हणायची, "मोजूक चुकलें." आम्ही पुढे पुष्कळ सिनेमे पाहिले. हसण्याची जागा आली की ती आधी पडद्याकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. मी थांबायचो. सगळे हसले की हसायचो. त्याची इतकी सवय झाली की आता घरात टीव्हीवर काही विनोदाचं लागलं आणि नातवंडं हसली, तरी मला हसू यायला उशीर होतो, आणि बाजूला बघितलं की येतच नाही.

ती पोटाच्या दुखण्याने गेली. चार महिने. आई, मावशी, फाती विकणारी म्हातारी, त्या कधीच गेलेल्या. पण त्यांच्या सुना आल्या, लेकी आल्या. त्यांनी तिला न्हाऊ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, केसांत फुलं माळली. पांढरे झाले होते, पण भरपूर होते. आणि एकेक जण बाहेर येऊन मला सांगून गेली, भाग्याची हो, सवाष्ण गेली, घोवाच्या आदीं गेली. बारा दिवस हेच. तेराव्या दिवशी एकीला मी म्हटलं, बाई, तें भाग्य तुमच्या घरा व्हरा, घेऊन जा. ती रागावून गेली. मुलगा म्हणाला, बाबा, असं बोलू नये. नये ते मलाही कळतं.

पण मी या खुर्चीवर बसून हिशेब लावतो तो एवढाच. त्या एका दुपारनंतर माझ्या मरणाला सगळे भ्यायले. बाबा भ्यायले, आई भ्यायली, अख्खा बाजार भ्यायला. सुनंदासुद्धा. दोरे माझ्या दंडाला, नवस माझ्या नावाचे, जास्तीचे फेरे माझ्यासाठी. तिच्या मरणाला भ्यावं हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.